विनय, तुला डोंगरावर न्यायचं आहे

मंगळवारी सकाळी तू गेलास. माझ्या घरी, वेस्ट विंडसरला, खालच्या खोलीत. मी चहा घेऊन आले तेव्हा तू गेला होतास. नर्सनं घड्याळ पाहिलं आणि वेळ लिहून घेतली. दुपारी दोन माणसं आली आणि तुला घेऊन गेली.

संध्याकाळी फ्युनरल होममधल्या माणसानं मला खुर्ची दिली आणि विचारलं, "बरियल ऑर क्रिमेशन?" मी म्हटलं, शुक्रवारी सांगते. तो म्हणाला, "टेक युअर टाइम." गाडी चालवत घरी आले आणि कोट न काढता स्वयंपाकघरात बसून राहिले. चहा ओट्यावर तसाच होता. तो मी दुसऱ्या दिवसापर्यंत ओतला नाही.

तुझं उत्तर मला माहीत होतं, विनय. नाताळच्या आधी, तू अजून कठड्याला धरून जिना चढत होतास तेव्हा, मधल्या पायरीवर बसून तू म्हणालास, "ताई, मला जाळ आणि दरीत ने. तिथल्या माझ्या मंडळीच्या कबरीत ठेव." आणि उठता उठता म्हणालास, "आईला तू सांग."

"मी का? तू सांग. मी फोन लावून देते."

"उद्या."

रोज उद्या. जपानच्या उत्तरेकडच्या त्या डोंगरदरीत, जिथे पाच महिने बर्फ असतं आणि येशूचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, तिथे तू एकटा जाऊन अठरा वर्षं राहिलास. पण नगरला फोन लावून आईला एक वाक्य सांगायची तुझी हिंमत झाली नाही. ते काम तू माझ्यावर टाकून गेलास. मला तुझा राग येतो. राग येतो तेवढ्यापुरतं बरं वाटतं, म्हणून मी तो धरून ठेवते.

आईला बोलवायला पाळकांच्या घरी फोन करावा लागतो, तुला माहीतच आहे. बुधवारी तिला आणून बसवलं होतं. तू गेल्याचं तिला आदल्या दिवशी कळलं होतं. ती रडत नव्हती.

"शीला, पेटी चांगली घे. लाकडाची. आणि आपली गीतं म्हणा, इंग्लिश नकोत."

"आई, विनयनं सांगून ठेवलंय. त्याला तिकडे जायचंय. त्याच्या मंडळीत. तिकडे सगळ्यांचं दहन करतात आणि मग..."

माझेच शब्द लाइनवर घुमून मला परत ऐकू आले. मग तिचा आवाज आला.

"आपल्यात जाळत नाहीत."

"आई, त्याचीच इच्छा..."

"त्याची इच्छा राहू दे. तुझ्या आजोबांना गावानं मसणवट्यातसुद्धा जागा दिली नव्हती. मिशननं तुकडा दिला तेव्हा कुठं आपली माणसं मातीत नीट निजली. आणि तू माझ्या लेकराला जाळणार? शेवटचा कर्णा वाजेल तेव्हा तो उठणार कुठून?"

माझं सगळं आयुष्य धर्मशास्त्राच्या कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं. या प्रश्नावर कुठल्या शेल्फवर किती पुस्तकं आहेत ते मी झोपेत सांगेन. आईला सांगण्यासारखं एक वाक्य मला त्यांतून सापडलं नाही. मी म्हटलं, "तू जेवलीस का?" तिनं फोन पाळकांच्या बायकोकडे दिला.

तू जाळून घ्यायचं का ठरवलंस, हे मी तिला कसं सांगणार होते? ते सांगायला त्या लांब खड्ड्यांपासून सुरुवात करावी लागली असती.

मी एकदाच तुझ्याकडे आले, शरदात. फलाटावर उतरणारी मी एकटी आणि घ्यायला आलेला तू एकटा. चर्च म्हणजे रेशमाचे कोष साठवायचं जुनं गोदाम. दाराशी सपाता ओळीनं मांडलेल्या. पहिल्या रात्री तू मला बकव्हीटच्या, म्हणजे आपल्या कुट्टूच्या, पिठाची भाकरी करून घातलीस. काळपट, कडेनं फाटलेली. म्हणालास, "थापायला शिकायला दोन हिवाळे गेले, ताई. नावं ठेवू नकोस." मी दोन खाल्ल्या. मग तू त्या खड्ड्यांची गोष्ट सांगितलीस आणि हसता हसता तुला खोकला आला.

सुरुवातीची तीन वर्षं बाप्तिस्म्याला कुणी तयारच होत नव्हतं. लोक यायचे, ऐकायचे, चहा प्यायचे, वाकून जायचे. शेवटी होशिनो, तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवणारे, तुझ्याशी जरा मोकळं बोलले. दरीतल्या सगळ्या कबरी बौद्ध देवळाच्या आवारात. जो ख्रिस्ती होईल त्याला तिथे जागा नाही. "सेन्सेई," तिकडे गुरुजींना म्हणतात तसं, "आम्ही जगू कसंही. मेल्यावर जायचं कुठे?"

हे ऐकून तुला नगर आठवलं असणार. जागा नाकारलेल्या माणसांची तू तिसरी पिढी. तू गावकचेरीत खेटे घालून डोंगराच्या कडेला एक पट्टा मिळवलास आणि लगेच चुना टाकून, दोरी बांधून कबरी आखल्यास. नगरच्या दफनभूमीत असतात तशा, माणूसभर लांब. पहिले तीन खड्डे तू स्वतः खणायला घेतलेस. लोक रोज यायचे, वाकायचे, फावडं घेऊन मदत करायचे. कुणी काही बोललं नाही. मग एक दिवस दरीतली किकुए आजी मुरवलेल्या मुळ्याचा डबा घेऊन वर चढली, खड्ड्यात डोकावली आणि म्हणाली, "सेन्सेई, घोडा मेला का कुणाचा?"

सगळे जमिनीकडे बघायला लागले. होशिनोंनी तुला बाजूला घेऊन सांगितलं, आमच्याकडे दहन करतात. हाडं एका भांड्यात राहतात. भांडं एवढं असतं. आणि त्यांनी दोन्ही हातांनी दाखवलं.

"मग इतके दिवस मला खणू का दिलंत?"

"सेन्सेई फार मनापासून खणत होते."

त्या खड्ड्यांत तुम्ही सफरचंदाची रोपं लावलीत. शेजारी दगडी कबर बांधलीत, खोलीएवढी, लोखंडी दाराची, आत भांडी ठेवायला फळ्या. ती झाली त्या वर्षी पहिला बाप्तिस्मा झाला. मी आले तेव्हा झाडांना फळं होती. तू मला एक पुसून दिलंस आणि म्हणालास, "मी यांना जमीन द्यायला निघालो होतो आणि यांचं माणूस मरतं कसं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. आता मी यांच्यातच राहणार. मेल्यावरही."

पण तू सगळ्याच बाबतीत असा वाकणारा नव्हतास. आपलं भांडण झालं ते किकुए आजीवरून. जी कधी मिटली नाही ती गोष्ट आज तुझ्यापुढे ठेवते, कारण आता तू उठून खोलीबाहेर जाऊ शकत नाहीस.

आजी दर रविवारी सगळ्यांच्या आधी यायची, गोदाम झाडायची, शेगडी पेटवायची. मंडळी सात जणांची. तिला धरलं तर आठ. तू तिला धरत नव्हतास, कारण तिचा बाप्तिस्मा झाला नव्हता. तिच्या घरात पूर्वजांचा देव्हारा होता, आणि त्यात नवऱ्याच्या नावाची काळी लाकडी पाटी. तिच्यापुढे ती रोज सकाळी वाटीभर भात ठेवायची. तुझी अट होती, देव्हारा काढ, मग बाप्तिस्मा. माझ्यासमोर तू तिला पुन्हा विचारलंस. ती मला माणूस म्हणून आवडली ती त्याच वेळी. तू तिचं बोलणं मला मराठीत सांगत होतास, आणि प्रामाणिक होतास, तुझ्याविरुद्धचं वाक्यही गाळलं नाहीस.

"तो लढाईत मंचुरियात मेला, सेन्सेई. सरकारनं पेटी पाठवली. उघडली तर आत दगड. हाड नाही, केस नाही. ही पाटी काढली तर तो बसणार कुठे?"

"आजी, तो देवाच्या हाती आहे."

"असू दे की. पण तुमच्या देवाला ठाऊक आहे का, याला भात जरा करपलेला लागतो?"

ती गेल्यावर मी म्हटलं, "ठेवू दे ना रे तिला."

"ताई, तू ग्रंथालयात बसून बोलतेस."

"हो, बसून बोलते. ठेवू दे तिला."

"आजोबांनी घरातले देव उचलून विहिरीत टाकले. गावानं पाणी तोडलं, तरी परत काढले नाहीत. हिला ठेवू दिलं तर त्यांनी ते कशासाठी केलं?"

तेव्हा मी तुला म्हटलं, आजोबांना त्या देवांनी कधी देवळात घेतलं नव्हतं. आजोबांनी जे टाकलं ते त्यांचं कधी नव्हतंच. या बाईचा नवरा तिचा होता.

तू उठलास. भांडी विसळलीस. दुसऱ्या दिवशी मला स्टेशनवर सोडलंस, गाडी हलेपर्यंत वाकून उभा राहिलास, त्यांच्यासारखा. नंतर कितीतरी वर्षं आपण फोनवर हवामान बोललो. इथे आलास, आजारी पडलास, माझ्या घरात राहिलास, तरी तो विषय मी काढला नाही आणि तूही काढला नाहीस. मला अजूनही वाटतं माझं बरोबर होतं. तू समोर असतास तर मी हरायलाही तयार झाले असते.

जानेवारीत मिशन बोर्डाचा माणूस तुला भेटायला आला, फुलं घेऊन. चांगला माणूस होता. खुर्ची पलंगाजवळ ओढून त्यानं सांगितलं की उन्हाळ्याआधी ते काम बंद होईल, इमारत विकतील. दरीतली तरुण माणसं कारखान्यांकडे गेली आहेत, नवा पाळक पाठवण्यात अर्थ उरलेला नाही. तू त्याचे आभार मानलेस. तो गेल्यावर भिंतीकडे तोंड केलंस.

"अठरा वर्षं, ताई. सात माणसं."

"सात म्हणजे काहीच नाही असं नाही."

"काहीच नसतं तर बरं झालं असतं. मागे वाट बघणारं कुणी उरलं नसतं."

तुझ्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात वाईट वाक्य. ते खोटं आहे असं मी म्हणू शकले नाही, अजूनही म्हणता येत नाही. थोड्या वेळानं मी विचारलं, मग तिकडे ठेव असं अजूनही म्हणतोस? बंद पडणाऱ्या जागी? तू म्हणालास, "म्हणूनच. बोर्ड जाईल. मी तरी सोडून गेलो असं त्यांना वाटायला नको."

देशपांडे तुला आठवतात ना, कोपऱ्यावरच्या घरातले? तुझं काय, विसरायला तू आता... मी असं लिहिते आणि थांबते. दर आठवड्याला ते तुला केमोला न्यायचे आणि वाटेत छळायचे. "फादर, तुमच्या जपान्यांनी गाड्या विकून आमचं डेट्रॉइट बुडवलं." तू म्हणायचास, मी फादर नाही, पाळक आहे, मला लग्न करता येतं. "मग केलं का नाही, फादर?" "दरीत यायला कुणी तयार नव्हतं, तुमची मेव्हणी असेल तर बघा." गाडीतून उतरताना तुम्ही दोघं हसत असायचात आणि मी दारात बादली घेऊन उभी असायचे.

गुरुवारी ते आले. मी सांगितलं की दहनाचा विचार आहे. ते एकदम म्हणाले, "म्हणजे शेवटी आपल्याच पद्धतीनं! पोरगा फिरून घरी आला म्हणायचा."

आई कशाला भीत होती ते मला त्या वाक्यात कळलं. मी म्हटलं, "देशपांडे, तुम्ही आता जा." ते गेले. संध्याकाळी खिचडी घेऊन परत आले, दारातच उभे राहिले. "शीलाताई, मी मूर्खासारखं बोललो. काही काम असलं तर सांगा. नसलं तर हे भांडं ठेवून जातो." मी भांडं घेतलं.

त्याच दिवशी होशिनोंचा फोन आला. त्यांचं इंग्रजी शाळेतलं, प्रत्येक शब्द वेगळा. आधी त्यांनी बराच वेळ दुःख व्यक्त केलं. मग म्हणाले, "आम्ही सात जण सेन्सेईंची वाट पाहत आहोत. डोंगरावरची वाट मे महिन्यात मोकळी होते." मी इमारतीचं विचारलं. ते म्हणाले, ती विकली तर आम्ही माझ्या घरी बसू. मी विचारलं, आणि कबर? तिच्याकडे कोण बघणार? ते म्हणाले, "आम्ही सगळे म्हातारे आहोत. एकेक जण आत जाईल. शेवटच्यासाठी दार कोण उघडेल, ते आम्हाला माहीत नाही."

मग त्यांनी एक विनंती केली. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की अमेरिकेत दहनानंतर हाडं यंत्रात दळून पूड करतात. "कृपया सेन्सेईंना दळू देऊ नका." तिकडे दोघांनी मिळून, दोन्ही बाजूंनी चॉपस्टिकसारख्या काड्या लावून एकेक हाड उचलायचं असतं. आधी पायांची, मग वरची, शेवटी डोक्याची. म्हणजे भांड्यात माणूस उलटा होत नाही, पाय खाली राहतात.

फोन ठेवण्याआधी ते घुटमळले. "आणखी एक. किकुए-सान यांनी सेन्सेईंचा फोटो देव्हाऱ्यात ठेवला आहे. पाटीच्या शेजारी. सकाळी दोन वाट्या भात ठेवतात. मंडळीतल्या काहींना हे बरोबर वाटत नाही. सेन्सेई असते तर रागावले असते. आम्ही त्यांना थांबवावं का?"

मी हसले, विनय. तू गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, परक्या माणसाच्या कानात. मग रडू आलं. मी म्हटलं, थांबवू नका. तुझ्या मंडळीत मी दिलेला हा एकच निर्णय. चुकीचा असेल तर तू माझ्याशी भांडायला हवा होतास.

शुक्रवारी मी दहनाच्या कागदावर सही केली. तुझं ऐकलं म्हणून मी भली बहीण झाले असं मला वाटत नाही. आईनं जन्म दिलेल्या शरीराला मी आग दिली, आणि ती कुठल्या आशेवर दिली? सात म्हाताऱ्यांना मे महिन्यात डोंगर चढता येईल, एवढ्याच. लोक येतात, पुनरुत्थानाचं सांगतात, हातावर हात ठेवतात. मी मान हलवते. रात्रीची प्रार्थना मी तोंडानं म्हणते. पलीकडे कुणी ऐकतं असं वाटणं फेब्रुवारीत थांबलं, ते परत आलेलं नाही. तुला हे मी सांगितलं असतं का, तू असतास तर? नसतं सांगितलं. तुझ्याकडे काळजीला तुझेच सात होते.

हाडं दळू नका, म्हटल्यावर फ्युनरल होमच्या माणसानं पेन खाली ठेवलं. असं कुणी मागितलं नव्हतं. कायद्याची मनाई नाही हे त्यानं फोन करून विचारून घेतलं. पण त्यांच्याकडची भांडी पूड भरायची, तोंडाला अरुंद. देशपांड्यांनी घरची लोणच्याची मोठी चिनी मातीची बरणी आणली. त्यांच्या बायकोनं चारदा धुतली होती, तरी झाकण उघडलं की मोहरीचा वास यायचाच.

दोघं जण लागतात, असं होशिनो म्हणाले होते. माझ्याकडे दुसरं कुणी नव्हतं. देशपांडे आले. आम्ही चायनीज टेकआउटमधल्या लाकडी काड्या घेऊन फ्युनरल होमच्या खोलीत उभे राहिलो, आणि समोर पत्र्याच्या तबकात तू होतास. किती थोडा होतास. मला हलता येईना. देशपांडे हलक्या आवाजात म्हणाले, "आमच्यात अस्थी हातानं वेचतात, दूध शिंपडून. बाबांच्या मी वेचल्या होत्या. भीती पहिल्याचीच असते, ताई. तुम्ही त्या बाजूनं धरा. पायापासून म्हणाला होतात ना?"

आम्हा दोघांनाही काड्या धरता येत नव्हत्या. एक लहानसं हाड निसटलं, तबकात टणकन वाजलं. देशपांडे दचकून म्हणाले, "सॉरी, फादर."

मी तुझ्या वतीनं सांगितलं, तो फादर नाही, पाळक आहे. ते म्हणाले, "हो, हो. पाळक." आणि चष्मा काढून पुसायला लागले. मी माझ्या बाजूची काडी धरून थांबले. मग आम्ही पुन्हा सुरू केलं. पाय, गुडघे, बोटं. सगळ्यात वर कवटीचा तुकडा ठेवला. बरणीत तू पाय खाली करून बसला आहेस. हे मला आईला सांगायचं आहे. तिनं विचारलं होतं, तो उठणार कुठून. माझ्याकडे सांगण्यासारखं आता एवढं एक आहे.

दर रविवारी मी नगरला फोन लावते. पाळकांची बायको उचलते आणि म्हणते, "सलाम ताई. आई झोपल्यात." तिकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात.

मार्च चालू आहे. गोदामाला गिऱ्हाईक मिळालं आहे. होशिनो म्हणतात, पहिली उपासना त्यांच्या बाहेरच्या खोलीत झाली, सात जण आणि किकुए आजी आले. मी ग्रंथालयातून रजा घेतली आहे आणि मे महिन्याचं तिकीट काढलं आहे. तू पुस्तकांच्या कपाटाशेजारी, खिडकीखाली आहेस. आई अजून फोनवर आलेली नाही.